तिच्याच हातात बंद पडणारी गाडी

लोणारच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतो आहे. त्यातला विद्युत परिपथाचा धडा मला झोपेतही शिकवता येईल. सेल, बटण, तार, दिवा. तार कुठेही तुटली की दिवा लागत नाही. परीक्षेत यावर दोन गुण असतात आणि मागच्या बाकावरची पोरंही ते सोडत नाहीत. हे दोन गुण मिळवायला मला स्वतःला तीन महिने लागले.

आमच्याकडे एक जुनी गाडी आहे. घेतली तेव्हाच ती दुसऱ्याच्या हातची होती. पेट्रोलवर चालते, पण कार्ब्युरेटरची नाही, फ्युएल इंजेक्शनची. कार्ब्युरेटरच्या गाडीचं दुखणं स्क्रू-ड्रायव्हरने आणि दोन शिव्यांनी बरं व्हायचं. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते एक लहानसा कॉम्प्युटर ठरवतो. टाकीत बुडवलेला विजेचा पंप पेट्रोल पुढे ढकलतो आणि इंजेक्टर नावाच्या बारीक पिचकाऱ्या ते इंजिनात उडवतात. किल्ली अर्धी फिरवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद घुर्र असा आवाज येतो, तो त्या पंपाचा. हे सगळं मी गाडी घेतली त्या दिवशीच बायकोला समजावून सांगितलं होतं. तिने विचारलं नव्हतं.

बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी तिची बदली सुलतानपूरच्या पुढे, हमरस्ता सोडून आत असलेल्या एका गावात झाली. शाळा दोन शिक्षकांची, आणि कुलपाची किल्ली हिच्याकडे. शाळा भरायच्या वेळेला तिथे पोचेल अशी एसटी नाही. काळी-पिवळी जीप आहे, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय याची ड्रायव्हरची व्याख्या फार उदार आहे. म्हणून तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी शिकायला घेतली. वय शेहेचाळीस. मी दोन दिवस शिकवलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही घरी राहा," आणि ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं. लायसन आलं, पण दिवाळीपर्यंत ती जीपनेच जात राहिली. गल्लीत बाई गाडी चालवते म्हटल्यावर लोक ओट्यावर येऊन उभे राहतात, त्याची सवय व्हायला वेळ लागला. लोकांना नाही, तिला.

मधे दसरा आला. त्याच्या आदल्या आठवड्यात तिच्या माहेराहून, धाडहून, लोणच्याची बरणी येत होती. ती एका गतिरोधकावर आडवी झाली. गतिरोधक मी पाहिला नव्हता. तेल चालकाच्या सीटखाली गेलं आणि गाडीला असा वास सुटला की बसलेल्या माणसाला भूक लागावी. दसऱ्याला गाडीची पूजा करायची आणि आतून कैरीचा वास, हे बरं दिसेना. मग मी स्वतः पाना घेऊन सीटचे चारही बोल्ट खोलले, सीट बाहेर काढली, खालचं कार्पेट अंगणात धुतलं, गच्चीवर वाळवलं आणि सगळं जिथल्या तिथे बसवलं. गॅरेजला जावं लागलं नाही. हे मी स्टाफरूममध्ये तीनदा सांगितलं. गाडीला हार घातला, नारळ फोडला, बॉनेटवर हळदीकुंकू लावलं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी ती गाडी घेऊन निघाली. मी फाटकाशी उभा राहून "क्लच हळू सोड" असं सांगितलं. ती गेली. अर्ध्या तासाने फोन आला. सुलतानपूरच्या अलीकडे गाडी बंद पडली होती.

मी गणिताच्या सरांच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो. ती रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी होती. शाळेच्या कुलपाची किल्ली मुठीत.

"काय केलं होतं तू?" मी विचारलं.

"काही नाही. चालवून राह्यली होती, बंद पडली."

"अशी कशी बंद पडन?"

ती बाजूला सरकली. मी दार उघडलं. तिने सीट इतकी पुढे घेतलेली की मला आत शिरता येईना. मी उंच आहे, ती ठेंगणी आहे. खालची दांडी ओढून सीट पार मागे सारली, बसलो, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी काचेतून तिच्याकडे पाहिलं. तेव्हा मी हे कबूल केलं नसतं, पण आज लिहून टाकतो. मला बरं वाटलं होतं.

त्या आठवड्यात गाडी आणखी दोनदा बंद पडली, आणि पुढच्या आठवड्यात तीनदा. दर वेळी ती चालवताना. दर वेळी मी जायचो, नाहीतर रस्त्यावरचा एखादा भला माणूस थांबायचा, सीट मागे सारायचा, किल्ली फिरवायचा, आणि गाडी सुरू व्हायची. मग तो भला माणूस तिला क्लचविषयी दोन शब्द सांगून जायचा. ती पुन्हा दांडी ओढून दोन्ही हातांनी सीट पुढे घ्यायची. ती दांडी जाम होती. मी संध्याकाळी गाडी नेली की सीट मागे, तिने सकाळी नेली की पुढे. "सीट पुन्हा मागंच ठेवली तुम्ही," असं ती म्हणायची आणि मी म्हणायचो, "मग काय गुडघे कापून ठेवू?"

मेहकर रस्त्यावर कडुनिंबाखाली एक मिस्त्री बसतो. वयाने माझ्याएवढाच. सरोवर पाहायला आलेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्या त्याच्याच दारात बंद पडतात असा त्याचा दावा आहे, म्हणून सगळ्या जातीच्या इंजिनांचा त्याला अनुभव. त्याने प्लग काढून घासले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरून पाहिलं, मला पाहायला लावलं. पेट्रोल पेट्रोलसारखंच होतं. मग तो सीट मागे सारून बसला आणि सुलतानपूरपर्यंत जाऊन आला.

"सर, गाडी तं मक्खन चालून राह्यली."

"मग बंद काऊन पडते?"

त्याने हात पुसले. "गाडीले काई नाई. हाताले असन."

मी हसलो. दोन पुरुष इंजिनापाशी उभे राहून ज्या प्रकारे हसतात, तसं.

तरी मी विज्ञानाचा माणूस. हाताला दोष देण्याआधी यंत्राची पूर्ण तपासणी झाली पाहिजे, म्हणजे दोष देताना मन स्वच्छ राहतं. मी मल्टिमीटर काढला. बॅटरीचा दाब मोजला, ठीक. फ्यूज एकेक काढून पाहिले, ठीक. पंपाला वीज सोडणारा रिले काढून त्या जागी हॉर्नचा रिले बसवून पाहिला. पंपही चालला, हॉर्नही वाजला. इंजेक्टरच्या सॉकेटात बारीक दिवा खोचून पाहिला, इंजिन फिरताना तो छान लुकलुकला. मग बुलढाण्याला नेऊन एका गॅरेजमध्ये गाडीला स्कॅनर लावला. तिथल्या माणसाने पडद्यावर बोट ठेवून सांगितलं की कॉम्प्युटरच्या मते या गाडीत काही बिघाड नाही. हे मी घरी आल्यावर तिला जसंच्या तसं सांगितलं.

"मग बिघाड माझ्यात आहे असं कॉम्प्युटर म्हणते का?" तिने विचारलं.

"मी तसं म्हटलं नाही."

"हाव. कॉम्प्युटरनंच म्हटलं."

स्टाफरूममध्ये विषय रंगला. गणिताच्या सरांनी सरोवराचा सिद्धांत मांडला. सरोवराचं पाणी खारं, त्यावरून येणारी हवा खारी, म्हणून गाडीच्या वायरींना कळंक चढतो. सिद्धांत मला इतका आवडला की एक पूर्ण रविवार बॉनेटमधलं प्रत्येक कनेक्टर उघडून मी पॉलिश पेपरने घासत बसलो. कळंक कुठेच नव्हता. खारी हवा फक्त माझी बायको गाडीत असतानाच कशी येते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण उत्तर माझ्याकडे आधीच तयार होतं.

मग धाडला तिच्या भाचीचा साखरपुडा झाला. आम्ही गाडीने गेलो. मी चालवत होतो. एवढ्या लांबच्या रस्त्यात गाडीने साधा ठसकाही दिला नाही. पंगत बसली. शेजारी माझा साळा, समोर त्याचे सोयरे. गाडीचा विषय मीच काढला. "आमची गाडी फार संस्कारी आहे," मी म्हणालो. "मालक बसला की धावते, मालकीण बसली की मौनव्रत धरते." पंगत हसली. चाळीसएक माणसं असतील. मी आणखी थोडा खुललो. क्लच, ब्रेक आणि आरसा यांच्याविषयी काही विनोद केले, ते इथे लिहीत नाही. ती जिलेबीचं ताट घेऊन आमच्याच ओळीत वाढत होती. माझ्या पानात एक जिलेबी ठेवली आणि पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली होती आणि ती जीपच्या थांब्यावर गेली होती.

मला वाटलं, दोन दिवस. पण ती रोज जीपने जाऊ लागली. जीप भरेपर्यंत थांबायची, फाट्यावर उतरायची, तिथून चालत किंवा मिळेल त्या वाहनाने आत. पोरं कुलूपबंद दारासमोर पायरीवर बसून तिची वाट पाहायची. एक दिवस दुसऱ्या शिक्षकाने फोन करून विचारलं, "मॅडम निघाल्या का?" फोन मी घेतला होता. गाडी अंगणात उभी होती आणि मी तिच्याकडे पाहत "हो, निघाल्या" म्हणालो. ती परत आल्यावर मी म्हणालो की गाडी घेऊन जा, काही होत नाही. ती म्हणाली, "तिच्यात काही बिघाड नाही, हे तं झालंच ना ठरून." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी मिस्त्रीकडे चकरा मारत राहिलो. शंका म्हणून त्याने इंजिनाचा एक सेन्सरही बदलला. शेवटी एक दिवस त्याने पाना खाली ठेवला.

"सर, गाडी तुमच्या हातानं बंद पडत नाई, माह्या हातानं पडत नाई. जिच्या हातानं पडते तिले आना नं. तुम्ही पेशंट घरी ठिऊन डॉक्टरले विचारून राह्यले."

आपल्याला हे सुचलं नव्हतं याचा मला राग आला. तो मी मिस्त्रीवर काढला नाही, कारण त्याच्या हातात माझी गाडी होती. घरी येऊन तिला सांगितलं. तिने निवडायला घेतलेली भाजी संपवली. मग म्हणाली, "तिथं पुन्हा तुम्ही दोघं हसणार असाल तं मी येत नाही."

"नाही हसणार," मी म्हणालो. या सगळ्या प्रकरणात मी पाळलेलं हे पहिलं वचन.

रविवारी सकाळी आम्ही तिथे गेलो. मिस्त्रीने मागची सीट उचलून पंपाच्या वायरीत टेस्ट लॅम्पची सुई टोचली. पंपापर्यंत वीज आली तर तो दिवा लागणार.

"आधी सर बसा."

मी बसलो. सीट मागेच होती. किल्ली अर्धी फिरवली. पंप घुर्र झाला, दिवा दोन सेकंद लागला.

"आता मॅडम."

ती आत बसली. वाकून दांडी ओढली आणि दोन्ही हातांनी सीट पुढे घेतली. कट्, कट्, कट्. किल्ली फिरवली. काहीच आवाज नाही. दिवा अंधारा.

"पुन्हा करा."

पुन्हा तेच. मिस्त्री दिव्याकडे पाहत राहिला. तिने हात मांडीवर ठेवले होते. क्लचला पायही लावलेला नव्हता.

"मॅडम, उतरा. सर, तुम्ही बसा. पण सीट हलवू नका. आहे तशीच राहू द्या."

मी कसाबसा आत घुसलो. गुडघे स्टेअरिंगच्या दोन बाजूंना आले, हनुवटी त्याच्या वर. किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. आयुष्यात माझ्या हातून पहिल्यांदाच गाडी सुरू झाली नाही असं म्हणता येणार नाही, पण या गाडीच्या बाबतीत ते पहिल्यांदाच होत होतं. मग मिस्त्रीच्या सांगण्यावरून सीट मागे सारली आणि किल्ली फिरवली. घुर्र. दिवा लागला.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी आठवीच्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतो. तीन महिने आम्ही प्लग, फिल्टर, रिले आणि सेन्सर बदलले, आणि प्रत्येक वेळी त्याआधी सीट मागे सारली. मी, मिस्त्री, बुलढाण्याचा स्कॅनरवाला, रस्त्यावरची सगळी भली माणसं. गाडी तपासायला बसताना सगळ्यात आधी आम्ही बिघाडच दूर करत होतो.

"सीटखाली काही तरी आहे," मिस्त्री म्हणाला. "मॅडम, अर्धा तास लागते. तुम्ही बाजार करून या."

ती पिशवी घेऊन गेली. त्याने चार बोल्ट खोलले, सीट बाहेर काढली आणि गुडघ्यांवर बसून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे सीट आधी कोनं खोललं होतं?"

मी बोल्ट मोजू लागलो.

"दसऱ्याले धुतली का गाडी?"

"मी खोललं होतं," मी म्हणालो.

पंपाकडे जाणारी वायर, सीट ज्यावर पुढेमागे सरकते त्या रुळाखालच्या खाचेतून जाते. कार्पेट बसवताना मी ती रुळाच्या वर ठेवली होती. सीट पुढेमागे होताना तिच्यावर दाब येत राहिला, वरचं आवरण चपटं झालं आणि आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटल्या. "सीट माघं असली की वायर सैल राह्यते, टोकाले टोक लागते," मिस्त्री म्हणाला. "पुढं घेतली की ताणते अन् सुटते. आधी दोन-चार तारा शाबूत असतीन, म्हनून गाडी निघायची अन् गचक्यानं बंद पडायची. आता एकबी नाई." फ्यूज उडाला नाही कारण तार कुठे पत्र्याला चिकटली नव्हती, नुसती तुटली होती. सेल, बटण, तार, दिवा.

त्याने खराब तुकडा कापून काढला, नवी वायर डाख देऊन जोडली, वर नळी चढवली आणि सगळं खाचेतून नेलं. तुकडा माझ्या हातात दिला. मी तो शर्टाच्या खिशात टाकला.

"मॅडमले काय सांगता?" त्याने विचारलं. मग तोच म्हणाला, "उंदीर सांगा. सीटखाली उंदरानं वायर कुरतडली. या गावात सगळ्याइच्या गाडीत उंदीरच निंघते."

ती पिशवीत मेथीच्या जुड्या घेऊन आली. "काय निघालं?"

"उंदीर," मी म्हणालो.

तिने मिस्त्रीकडे पाहिलं. तो पाने फार मन लावून गोळा करत होता.

घरी आल्यावर तिने माळ्यावरून उंदराचा पिंजरा काढला, त्यात भज्याचा तुकडा अडकवला आणि गाडीत, चालकाच्या पायांशी नेऊन ठेवला. "उंदीर सापडल्याशिवाय मी गाडी नेत नाही," ती म्हणाली. "उद्या पुन्हा कुरतडली तं पोराइले किती वेळ पायरीवर बसवू?"

स्वतःच तयार केलेल्या उंदराला मी कसा पकडणार? सोमवारी ती जीपने गेली. मंगळवारीही गेली. गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरेल म्हणून मी शाळेत गाडी नेऊ लागलो, पायांशी पिंजरा घेऊन. क्लच दाबताना त्याची तार पायाला लागायची. गणिताच्या सरांनी काचेतून पाहून विचारलं, तेव्हा मी त्यांनाही उंदीरच सांगितला. आता उंदराचे दोन साक्षीदार झाले. रोज संध्याकाळी ती पिंजरा पाहायची आणि आमिष बदलायची. भजं झालं, तूप लावलेली भाकरी झाली, पाचव्या दिवशी बुंदीचा लाडू ठेवला. त्या लाडवांच्या डब्याला मला हात लावायची परवानगी नव्हती.

आठव्या दिवशी संध्याकाळी ती शाळेतून आली ती पायाला पट्टी बांधून. फाट्यापासून चालताना पाय मुरगळला होता. खुर्चीवर बसून तिने पाय स्टुलावर ठेवला आणि म्हणाली, "पिंजऱ्यात काही आहे का, जरा पाहून या."

मी गेलो नाही. तिच्यासमोर उभा राहून म्हणालो, "उंदीर नाही. नव्हताच. दसऱ्याला सीट खोलली तेव्हा वायर मी चुकीची ठेवली होती."

"माहीत आहे," ती म्हणाली.

तिने मला बटणांचा डबा आणायला लावला. त्यात तो वायरीचा तुकडा होता. दुसऱ्याच दिवशी शर्ट धुवायला घेताना तिला खिशात सापडला होता. तिने तो बोटांत फिरवला. "याले दाताचं एकही निशाण नाही. नुसता दबला आहे. इतकं तं मलेही समजते."

"मग पिंजरा कशाला ठेवत होती?"

"तुम्ही कवा सांगता ते पाहून राह्यली होती."

"आणि आठ दिवस जीपनं गेली?"

"गेली ना."

मला लाज वाटली. असं वाक्य लिहायला सोपं आहे, पण तेव्हा त्या खोलीत कुठे उभं राहावं ते मला कळेना. मी तेल गरम करून आणलं आणि तिच्या पायाला लावायला बसलो. तिने लावू दिलं. मग म्हणाली, "मले सांगितलं ते ठीक आहे. धाडले मी जिलेबी वाढून राह्यली होती तवा तुम्ही चाळीस लोकाइले सांगितलं. त्याइले कोन सांगन?"

मी साळ्याला फोन केला. सगळं सांगितलं, लोणच्यापासून उंदरापर्यंत, काहीही गाळलं नाही. तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "पण दाजी, सीट तं तिनंच पुढं घेतली होती नं?" दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगितलं. गणिताच्या सरांनी गंभीरपणे मान हलवली. "म्हंजे सर, मॅडमनं सीट पुढं घेतली नसती तं वायर तुटलीच नसती. मूळ कारण तेच झालं." सगळे हसले. मी समजावू लागलो. माझी चूक कोणती हे मी फळ्यावर आकृती काढून दाखवायला तयार होतो. पण त्यांना ते नको होतं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, आणि मीच ते तीन महिने त्यांना पुरवलं होतं.

घरी आलो तेव्हा ती वह्या तपासत होती.

"सांगितलं?"

"हो. दोन्हीकडे."

"काय म्हटले?"

"हसले."

"कोनावर?"

उंदीर इथेही चालला असता. जिभेवर आलाही होता.

"तुझ्यावरच," मी म्हणालो.

"वाटलंच," ती म्हणाली. हातातली वही पूर्ण तपासली, शेरा लिहिला, मग लंगडत उठून कॅलेंडरच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

पाय बरा झाल्यावर ती गाडी घेऊन गेली. मी फाटकाशी उभा होतो, पण क्लचविषयी काही बोललो नाही. गाडी वाटेत बंद पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात फोन आला नाही, आणि मला मोबाईल खिशातून दहा-दहा वेळा काढून पाहायची वाईट सवय लागली.

रविवारी भाजी आणायला मी गाडी काढली. दार उघडलं तर सीट पुढेच. हात आपोआप खालच्या दांडीकडे गेला. वायर आता खाचेत आहे, सीट कितीही मागे सारली तरी काही बिघडणार नाही, हे मला माहीत होतं. मी हात मागे घेतला आणि तसाच आत घुसलो. गुडघे स्टेअरिंगला लागत होते. बाजाराच्या तोंडाशी मिस्त्री भेटला, त्याने वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "सर, सीट अडकली काय?"

"नाही," मी म्हणालो.

मेथी आणि वांगी घेऊन तसाच परत आलो. सोमवारी सकाळी तिला सीट ओढावी लागली नाही.